रुग्णालयीन कर्करोगोपचारातील औषधमात्रांचे प्रमाणीकरण : एक विवेचन

सहायक प्राध्यापक, रसायनशास्त्र विभाग, बाभुळगाव, जि. यवतमाळ

सारांश

कर्करोगावरील रसायनोपचारात म्हणजेच केमोथेरपीत औषध कोणते द्यावे याइतकाच ते किती द्यावे हा प्रश्न महत्त्वाचा असतो. प्रस्तुत लेखात औषधमात्रा ठरविण्याची प्रचलित रीत, तिच्यातील अचूकतेची मर्यादा, मात्रापट्ट्यांची पद्धती, मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील संशोधनाचा अनुभव आणि जिल्हा पातळीवरील गरज यांचे विवेचन केले आहे. प्रमाणीकरण म्हणजे सर्वांना सारखी मात्रा देणे नव्हे. कोणत्याही रुग्णाला ठरल्यापेक्षा कमी किंवा अधिक औषध नोंदलेल्या कारणाशिवाय मिळू नये, हा त्याचा खरा अर्थ होय, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : रसायनोपचार, औषधमात्रा, शरीराचे पृष्ठफळ, मात्रापट्टा, प्रमाणीकरण.

१. प्रस्तावना

बाभुळगाव तालुक्यातील कर्करोगग्रस्ताचा उपचार एकाच छपराखाली पूर्ण होतो असे क्वचितच घडते. निदान यवतमाळला, शस्त्रक्रिया नागपूरला किंवा धामणगावहून रेल्वेने मुंबईला जाऊन, आणि पुढील उपचार परवडेल व जमेल तेथे, असा हा प्रवास असतो. रुग्णाबरोबर एक फाईल फिरत असते. त्या फाईलमधील एका ओळीवर पुढील डॉक्टरांचा निर्णय अवलंबून असतो.

काही काळापूर्वी एका सहकाऱ्याने आपल्या वडिलांची अशी फाईल प्रस्तुत लेखकास दाखविली. वडिलांना तोंडाचा कर्करोग होता. खर्ऱ्याचे व्यसन अनेक वर्षांचे. दूरच्या एका मोठ्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली होती आणि जवळच्या रुग्णालयात किरणोपचारासोबत औषध घेण्यास सांगितले होते. कागदावर लिहिले होते, ‘सिस्प्लॅटिन ६०, दर आठवड्याला’. हे ६० म्हणजे एकूण ६० मिलिग्रॅम, की शरीराच्या दर चौरस मीटरला ६० मिलिग्रॅम, याचा उल्लेख नव्हता. उंची व वजन यांची नोंदही नव्हती. जवळच्या रुग्णालयातील डॉक्टरांनी अंदाजाने औषध देण्यास नकार दिला आणि तो योग्यच होता. दूरध्वनीवरून खुलासा मिळेपर्यंत औषधाचा एक आठवडा हुकला.

रसायनशास्त्राच्या शिक्षकाला ही घटना अस्वस्थ करणारी वाटते. प्रयोगवहीत एकक न लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचा आपण अर्धा गुण कापतो. येथे त्याच चुकीची किंमत एका रुग्णाने मोजली. या निमित्ताने जे वाचन झाले, त्याची मांडणी अन्य विद्याशाखांतील प्राध्यापकांनाही उपयोगी पडावी या हेतूने करीत आहे.

२. मात्रेचा प्रश्न इतका नाजूक का?

बहुसंख्य नेहमीच्या औषधांत उपयुक्त मात्रा आणि घातक मात्रा यांच्यात मोठे अंतर असते. तापाची गोळी पन्नास किलोच्या व्यक्तीने घेतली काय किंवा ऐंशी किलोच्या व्यक्तीने घेतली काय, विशेष बिघडत नाही. रसायनोपचाराच्या औषधांत हे अंतर फार अरुंद असते. ही औषधे प्रामुख्याने वेगाने विभागणाऱ्या पेशींवर आघात करतात. कर्कपेशी तशाच, आणि अस्थिमज्जेतील, आतड्याच्या अस्तरातील व केसांच्या मुळांतील निरोगी पेशीही तशाच. त्यामुळे मात्रा वाढली की श्वेतपेशी घटून जंतुसंसर्ग होतो. सिस्प्लॅटिनसारख्या औषधाने मूत्रपिंड व श्रवणशक्ती यांना इजा पोहोचते. मात्रा घटली तर त्रास कमी होतो, रुग्ण व नातेवाईक समाधानी असतात, पण आजार परत येण्याची शक्यता वाढते.

या दोन्ही बाजूंचे दाखले वैद्यकीय इतिहासात आहेत. १९९४ मध्ये अमेरिकेतील बोस्टन शहरातील एका ख्यातनाम कर्करोग संस्थेत बेट्सी लेमन या आरोग्यविषयक स्तंभलेखिकेला चार दिवसांत मिळून द्यावयाची मात्रा दररोज दिली गेली आणि त्यात तिचा मृत्यू झाला. औषध योग्य होते आणि आकडाही कागदावर होता. तो एकूण मात्रेचा की एका दिवसाचा, याविषयी गफलत झाली. उलट बाजूचा दाखला इटलीतील मिलान येथील आहे. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर दिलेल्या रसायनोपचाराचा तेथील आढावा १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. योजलेल्या मात्रेच्या किमान ८५ टक्के मात्रा ज्या स्त्रियांना मिळाली, त्यांना सर्वाधिक लाभ झाल्याचे त्यात दिसले. ६५ टक्क्यांहून कमी मात्रा मिळालेल्यांची स्थिती केवळ शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांपेक्षा फारशी वेगळी नव्हती. हा आढावा मागाहून घेतलेला असल्याने त्याला मर्यादा आहेत. तथापि अधिक मात्रेचे नुकसान लगेच दिसते आणि कमी मात्रेचे नुकसान वर्षांनंतर, नोंदीशिवाय, येते ही गोष्ट त्यातून लक्षात येते.

३. चौरस मीटरचा हिशेब

आधुनिक रसायनोपचाराचा आरंभ १९४० च्या दशकात झाला. युद्धातील विषारी वायूंच्या अभ्यासातून नायट्रोजन मस्टर्ड हे औषध पुढे आले. १९४८ मध्ये सिडनी फार्बर यांनी बालकांच्या रक्तकर्करोगावर अमिनोप्टेरिन वापरल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. हे औषध ज्या प्रयोगशाळेत तयार झाले, तेथील संशोधनाचे नेतृत्व आंध्रात जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव करीत होते, याचा उल्लेख येथे अगत्याचा आहे.

मात्रा ठरविताना प्रश्न असा होता की, उंदरावर तपासलेले औषध बालकाला आणि प्रौढाला किती द्यावे? केवळ वजनाचे प्रमाण धरले तर हिशेब जुळत नव्हता. १९५८ मध्ये डोनाल्ड पिंकेल यांनी असे दाखविले की, प्राण्यांत, बालकांत व प्रौढांत वापरल्या जाणाऱ्या मात्रा शरीराच्या पृष्ठफळाच्या प्रमाणात मांडल्यास बऱ्याच जवळ येतात. तेव्हापासून ‘मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर’ ही भाषा रूढ झाली.

माणसाचे पृष्ठफळ प्रत्यक्ष मोजणे अशक्यप्राय असल्याने ते उंची व वजन यांवरून काढतात. द्युबॉय व द्युबॉय यांचे १९१६ मधील सूत्र अवघ्या नऊ व्यक्तींच्या मोजमापांवर आधारलेले होते. १९८७ मध्ये मोस्टेलर यांनी सोपे सूत्र सुचविले : सेंटीमीटरमधील उंची व किलोग्रॅममधील वजन यांच्या गुणाकाराला ३६०० ने भागावे आणि त्याचे वर्गमूळ घ्यावे.

उदाहरणादाखल १६० सेंटीमीटर उंची व ५० किलो वजन असलेला रुग्ण घेऊ. १६० × ५० = ८०००; त्याला ३६०० ने भागल्यास २.२२, त्याचे वर्गमूळ १.४९ चौ. मी. द्युबॉय यांच्या सूत्राने हेच उत्तर १.५० येते. या रुग्णाला सिस्प्लॅटिन दर चौ. मी. ला १०० मिलिग्रॅम द्यावयाचे असल्यास मात्रा १४९ मिलिग्रॅम होईल, ४० मिलिग्रॅमच्या हिशेबाने ५९.६ म्हणजे व्यवहारात ६० मिलिग्रॅम.

आता प्रस्तावनेतील ‘६०’ चा उलगडा होतो. तो आकडा एकूण मात्रेचा असेल तर ती साप्ताहिक उपचाराची नेहमीची मात्रा ठरते. पण तो प्रति चौ. मी. असा वाचला गेला असता, तर याच बांध्याच्या रुग्णाला दर आठवड्याला ८९ मिलिग्रॅम, म्हणजे जवळजवळ दीडपट औषध मिळाले असते. तेही ओळीने सहा-सात आठवडे.

४. दशांशाची अचूकता आणि तिची मर्यादा

५९.६ हा आकडा पाहून असे वाटते की, ही मात्रा या रुग्णासाठी अगदी मापून काढली आहे. वास्तविक पाहता ही अचूकता बरीचशी दिखाऊ असते. औषध रक्तात किती काळ राहते हे मुख्यतः यकृत व मूत्रपिंड ते किती वेगाने बाहेर टाकतात यावर अवलंबून असते आणि प्रौढ व्यक्तींत या वेगाचा पृष्ठफळाशी असलेला संबंध बहुतेक औषधांच्या बाबतीत सैल आहे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३३ कर्करोगविरोधी औषधांची तपासणी करण्यात आली. पृष्ठफळानुसार मात्रा दिल्याने रुग्णारुग्णांतील तफावत खरोखर घटली, अशी औषधे त्यात केवळ पाच निघाली.

आपण विद्यार्थ्यांना सार्थ अंकांचा नियम शिकवितो. उत्तरातील अंक मोजमापाच्या अचूकतेपेक्षा अधिक असू नयेत. सेंटीमीटर-दोन सेंटीमीटरने चुकणारी उंची, चपलेसह घेतलेले वजन आणि नऊ व्यक्तींवरून आलेले सूत्र यांतून मिलिग्रॅमच्या दशांशापर्यंत उत्तर काढणे हे या नियमाचे उल्लंघनच होय.

याचा अर्थ हिशेब निरुपयोगी आहे असा मात्र नाही. वजन ५० वरून ४४ किलोवर आले तर पृष्ठफळ १.४९ वरून १.४० होते, म्हणजे मात्रेत सहा टक्क्यांचा फरक पडतो. तोंडाच्या कर्करोगात गिळणे अवघड होऊन वजन झपाट्याने उतरते. अशा वेळी पहिल्या भेटीतील वजन शेवटपर्यंत वापरणे चूक आहे. दशांशाचा हट्ट धरू नये, परंतु वजन प्रत्येक वेळी घ्यावे, असा याचा व्यावहारिक अर्थ आहे.

काही औषधांसाठी पृष्ठफळापेक्षा चांगला आधार सापडला आहे. कार्बोप्लॅटिन हे जवळजवळ संपूर्णपणे मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. १९८९ मध्ये कॅल्व्हर्ट व सहकाऱ्यांनी त्यासाठी सूत्र दिले : औषधाचे रक्तातील प्रमाण व काळ यांच्या आलेखाखालील अपेक्षित क्षेत्रफळ गुणिले (मूत्रपिंडाचा गाळणवेग अधिक २५). क्षेत्रफळ ५ व गाळणवेग ७५ असेल तर मात्रा ५०० मिलिग्रॅम येते.

येथे एक सूक्ष्म धोका आहे. गाळणवेग बहुधा प्रत्यक्ष न मोजता रक्तातील क्रिएटिनिनवरून अनुमानिला जातो. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होते. कृश व कुपोषित रुग्णाचे स्नायूच कमी असल्याने त्याचे क्रिएटिनिन कमी येते आणि मूत्रपिंड उत्तम असल्याचा भास होतो. वरील रुग्णाचा गाळणवेग चुकून ११० धरला गेला तर मात्रा ६७५ मिलिग्रॅम, म्हणजे ३५ टक्के अधिक होते. प्रयोगशाळांतील क्रिएटिनिन मापनाचे प्रमाणीकरण झाल्यावर काही रुग्णांत गाळणवेग पूर्वीपेक्षा अधिक दिसू लागला, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१० मध्ये या सूत्रात गाळणवेग १२५ हून अधिक न धरण्याची सूचना केली. एका ठिकाणचे प्रमाणीकरण दुसऱ्या ठिकाणचा हिशेब बिघडवू शकते, याचे हे बोलके उदाहरण आहे. ज्या भागात रुग्ण उपचारास येतो तोच मुळी खंगलेल्या अवस्थेत, त्या आपल्या भागात ही सावधगिरी अधिकच आवश्यक आहे.

याखेरीज आनुवंशिक भेदही असतात. फ्ल्युरोयुरॅसिल या औषधाचे विघटन करणारे विकर काही व्यक्तींत अपुरे असते. त्यांना नेहमीची मात्राही जीवघेणी ठरू शकते. युरोपीय औषध संस्थेने २०२० मध्ये या औषधापूर्वी अशा कमतरतेची तपासणी करण्याची शिफारस केली आहे.

५. मात्रापट्ट्यांची पद्धती

हिशेबातील दशांश जर अर्थपूर्ण नसतील, तर जवळच्या ठरीव मात्रेवर थांबण्यास हरकत नसावी. या विचारातून १९९० च्या दशकात ब्रिटनमध्ये मात्रापट्ट्यांची कल्पना विकसित झाली. हिशेबाने आलेल्या मात्रा लहान लहान पट्ट्यांत विभागतात आणि एका पट्ट्यातील सर्व रुग्णांना एकच ठरीव मात्रा देतात. समजा, १४३ ते १५७ मिलिग्रॅम या पट्ट्यासाठी १५० मिलिग्रॅम ही मात्रा ठरविली, तर कोणत्याही रुग्णाच्या बाबतीत हिशेबी मात्रेपासूनचा फरक पाच टक्क्यांच्या आत राहतो. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेने २०१६ पासून असे देशव्यापी तक्ते अमलात आणण्यास सुरुवात केली. त्यांत फरकाची मर्यादा सुमारे सहा टक्के आहे. अमेरिकेतील कर्करोग औषधनिर्मात्यांच्या संघटनेने २०१८ मध्ये दहा टक्क्यांच्या आत मात्रा पूर्णांकित करण्यास मान्यता देणारी भूमिका घेतली.

या पद्धतीचे लाभ तीन प्रकारचे आहेत.

पहिला लाभ औषधाच्या बचतीचा. वरील रुग्णाला पॅक्लिटॅक्सेल दर चौ. मी. ला १७५ मिलिग्रॅम द्यावयाचे आहे असे मानू. मात्रा २६०.७५ मिलिग्रॅम येते. या औषधाच्या कुप्या १०० व ३० मिलिग्रॅमच्या मिळतात. १०० च्या दोन व ३० च्या दोन मिळून २६० होतात. उरलेल्या पाऊण मिलिग्रॅमसाठी ३० ची आणखी एक कुपी फोडली तर तिच्यातील २९ मिलिग्रॅमहून अधिक औषध वाया जाते. २६० वर थांबल्यास फरक केवळ ०.३ टक्के आहे. जेथे कुपीची किंमत रुग्णाचे कुटुंब मोजते, तेथे हा प्रश्न केवळ हिशेबाचा राहत नाही.

दुसरा लाभ वेळेचा. ठरीव मात्रेच्या पिशव्या, औषध जितका काळ टिकते त्या मर्यादेत, आधी तयार ठेवता येतात. एखाद्या रुग्णाच्या श्वेतपेशी कमी निघून त्या दिवशीचा उपचार रद्द झाला तर तीच पिशवी दुसऱ्याला वापरता येते. सकाळच्या एसटीने आलेल्या रुग्णाला संध्याकाळच्या एसटीने परत जाता येणे, हाही उपचाराचा भाग आहे.

तिसरा लाभ सुरक्षिततेचा आणि तो सर्वांत मोलाचा. परिचारिकेच्या व औषधनिर्मात्याच्या नजरेसमोर रोज तेच दहा-बारा आकडे येत असतील तर अनोळखी आकडा चटकन खटकतो. प्रत्येक रुग्णाचा आकडा वेगळा असेल तर दहापट चूकही नजरेतून निसटू शकते.

तथापि मात्रापट्टे सर्वत्र लागू करता येत नाहीत. लहान बालके, मूत्रपिंड वा यकृताचा विकार असलेले रुग्ण आणि नव्या औषधांच्या चाचण्या यांत स्वतंत्र हिशेब आवश्यक असतो. तसेच पट्टा आणि डॉक्टरांनी जाणीवपूर्वक केलेली कपात यांची गल्लत होता कामा नये. पट्टा हिशेबाच्या अचूकतेविषयी असतो, तर कपात रुग्णाच्या प्रकृतीविषयी असते.

६. महाराष्ट्रातील अनुभव

आतापर्यंतच्या विवेचनावरून प्रमाणीकरण म्हणजे पाश्चात्त्य तक्ते स्वीकारणे असा समज होऊ शकतो. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचा अनुभव वेगळे सांगतो. १९४१ मध्ये स्थापन झालेल्या या रुग्णालयात प्रमाण मात्रेचा प्रश्न अनेक वर्षे हाताळला गेला आहे. त्यातील तीन प्रसंग येथे महत्त्वाचे वाटतात.

पहिला प्रसंग बालकांच्या रक्तकर्करोगाचा. १९८० च्या दशकात मुंबईचे टाटा रुग्णालय, चेन्नईची अड्यार येथील कर्करोग संस्था आणि दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या सहकार्याने ‘एमसीपी-८४१’ ही एकच उपचारपद्धती स्वीकारली. औषधे, त्यांच्या मात्रा आणि दिवस तिन्ही ठिकाणी समान. तीन शहरांतील निकालांची तुलना त्यामुळे अर्थपूर्ण झाली. रोगाने दगावलेले आणि उपचाराच्या दुष्परिणामाने दगावलेले रुग्ण वेगळे ओळखता आले. मोजपट्टी एक असल्याशिवाय चूक कोठे होते हे कळत नाही, हा त्यातला धडा.

दुसरा प्रसंग सिस्प्लॅटिनचा आणि तो विदर्भाशी निगडित आहे, कारण खर्रा व तंबाखू यांमुळे होणाऱ्या तोंडाच्या कर्करोगात हे औषध किरणोपचारासोबत नित्य दिले जाते. जगभर मान्य असलेली मात्रा दर तीन आठवड्यांना १०० मिलिग्रॅम प्रति चौ. मी. ही होती. ती सोसणे कठीण. म्हणून अनेक ठिकाणी दर आठवड्याला ३० मिलिग्रॅम प्रति चौ. मी. देण्याची प्रथा पडली. ती सोयीची होती, उलट्या कमी होत, रुग्णाला दाखल करावे लागत नसे. परंतु ती तितकीच गुणकारी आहे काय, हे पुरेसे तपासले गेले नव्हते. टाटा रुग्णालयाने २०१३ ते २०१७ या काळात ३०० रुग्णांवर चाचणी घेऊन २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात बहुतांश रुग्ण शस्त्रक्रियेनंतरचे होते. दोन वर्षांनी मूळ जागी व मानेत रोग आटोक्यात राहण्याचे प्रमाण तीन आठवड्यांच्या मात्रेत ७३.१ टक्के, तर साप्ताहिक ३० मिलिग्रॅमच्या गटात ५८.५ टक्के आढळले. तीव्र दुष्परिणाम अनुक्रमे ८४.६ व ७१.६ टक्के रुग्णांत दिसले. एकूण जगण्याच्या कालावधीतील फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झाला नाही. तरीही सोयीने रुजलेल्या मात्रेची किंमत या चाचणीने उघड केली. पुढे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जपानमधील चाचणीत शस्त्रक्रियेनंतरच्या जोखमीच्या रुग्णांना साप्ताहिक ४० मिलिग्रॅम प्रति चौ. मी. ही मात्रा देण्यात आली आणि ती तीन आठवड्यांच्या मात्रेपेक्षा उणी ठरली नाही. म्हणजे साप्ताहिक पद्धतीत मूलतः दोष नव्हता. ३० आणि ४० यांतील अंतर निर्णायक असू शकते, असे या दोन चाचण्या एकत्र वाचल्यावर वाटते.

तिसरा प्रसंग नेमका उलट दिशेचा. निव्होलुमॅब हे प्रतिकारशक्तीला चालना देणारे औषध काटेकोर अर्थाने रसायनोपचारात मोडत नाही, पण मात्रेच्या चर्चेत ते टाळता येणार नाही. त्याची २४० मिलिग्रॅमची नेहमीची मात्रा बहुसंख्य भारतीय कुटुंबांच्या आवाक्याबाहेरची आहे. टाटा रुग्णालयातील संशोधकांनी डोके व मान यांच्या प्रगत कर्करोगात तोंडावाटे घ्यावयाच्या अल्पमात्रेतील औषधांसोबत निव्होलुमॅब केवळ २० मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी, सर्वांना समान मात्रेत दिले. १५१ रुग्णांच्या या चाचणीत एक वर्ष जगणाऱ्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. ही तुलना औषध न दिलेल्या गटाशी होती, पूर्ण मात्रेशी नव्हे, याचे भान ठेवले पाहिजे. परंतु ज्याला पूर्ण मात्रा मिळणे शक्यच नाही, त्या रुग्णापुढे बाराव्या हिश्श्याची मात्रा आणि काहीच नाही, हेच दोन पर्याय असतात.

दोन्ही प्रसंगी मात्रा कमी केली गेली. एकदा त्यात नुकसान झाले, एकदा लाभ. कोणत्या वेळी काय होईल हे तर्काने सांगता आले नसते. ते चाचणीनेच कळले. प्रमाण मात्रा परदेशातून आली म्हणून पूज्य नव्हे आणि स्थानिक सोयीने बदलली म्हणून क्षम्यही नव्हे.

७. लिहिणे, तपासणे, पुढे पाठविणे

मात्रा ठरविणे तज्ज्ञांचे काम आहे. ती बिनचूक पोहोचविणे हे साऱ्या व्यवस्थेचे काम आहे. त्यासाठी आदेशपत्राचा नमुना ठरलेला असावा लागतो. त्यात पुढील बाबी असणे आवश्यक मानले जाते.

(१) औषधाचे पूर्ण मूळ नाव. संक्षेप नको, कारण सिस्प्लॅटिन व कार्बोप्लॅटिन किंवा व्हिन्क्रिस्टिन व व्हिनब्लास्टिन ही नावे सारखी असली तरी त्यांच्या मात्रा अगदी भिन्न आहेत.
(२) त्या दिवशीची उंची, वजन व पृष्ठफळ.
(३) प्रति चौ. मी. मात्रा आणि एकूण मात्रा, दोन्ही, एककासह. पूर्णांकापुढे दशांशचिन्ह व शून्य लिहू नये. ५.० चे ५० वाचले जाऊ शकते.
(४) एका दिवसाची मात्रा, दिवस आणि कितवे चक्र.
(५) देण्याचा मार्ग व कालावधी.
(६) कपात केली असल्यास तिचे प्रमाण व कारण.
(७) आजवरची एकूण मात्रा.

शेवटच्या बाबीचे स्पष्टीकरण आवश्यक आहे. डॉक्सोरुबिसिन हे औषध हृदयाच्या स्नायूंवर परिणाम करते आणि तो परिणाम साठत जातो. आयुष्यभरातील एकूण मात्रा साधारणतः ४५० ते ५५० मिलिग्रॅम प्रति चौ. मी. च्या पुढे जाऊ देत नाहीत. स्तनाच्या कर्करोगात ६० मिलिग्रॅमची चार चक्रे झाली तर २४० मिलिग्रॅम खर्ची पडलेले असतात. पाच वर्षांनी रोग उलटला, रुग्ण दुसऱ्या रुग्णालयात गेला आणि जुना कागद हरवला, तर नव्या डॉक्टरांना ही शिल्लक कळणार कशी?

८. जिल्हा पातळीवरील गरज

२०१२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय कर्करोग ग्रीडमध्ये आज देशातील तीनशेहून अधिक संस्था सहभागी आहेत. समान उपचारसूत्रे तयार करणे हे तिचे एक प्रमुख कार्य आहे. ग्रीडने ४० औषधांची एकत्रित खरेदी करून सुमारे १,३२० कोटी रुपयांची बचत साधली. उपचारसूत्रे समान असली की कोणते औषध किती लागेल याचा अंदाज बांधता येतो आणि अशी खरेदी सुकर होते, हा प्रमाणीकरणाचा सहसा लक्षात न येणारा लाभ आहे.

२०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पुढील तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची दिवसा-उपचार केंद्रे आणि पहिल्या वर्षी अशी २०० केंद्रे उभारण्याची घोषणा करण्यात आली. आपल्यासारख्या भागासाठी ही स्वागतार्ह बाब आहे. परंतु अशा केंद्रात आदेश बहुधा दूरच्या तज्ज्ञाचा आणि औषध देणारा हात स्थानिक डॉक्टरांचा व परिचारिकेचा असणार. दोघांमधला दुवा म्हणजे कागदावरील आकडा. केंद्रे वाढतील तसे हे दुवेही वाढतील आणि प्रत्येक दुव्यात निसटण्याची जागा असेल. म्हणून इमारत व खाटा यांच्याबरोबरच समान आदेशपत्र, ठरीव मात्रातक्ते, प्रशिक्षित औषधनिर्माता आणि दोन व्यक्तींनी स्वतंत्रपणे हिशेब पडताळण्याचा नियम यांची तरतूद व्हावयास हवी. यांतील बहुतेक गोष्टींना यंत्रसामग्री लागत नाही.

९. समारोप

औषधमात्रांच्या प्रमाणीकरणाचे चार थर आहेत. मात्रेचा आधार ठरविणे, हिशेबी मात्रेला व्यवहार्य पट्ट्यात आणणे, प्रमाण मात्रा आपल्या रुग्णांवर तपासून घेणे आणि ती स्पष्ट लिहून पुढे पाठविणे. पहिले तीन थर तज्ज्ञांच्या हाती आहेत. चौथ्या थरात आपणही काही करू शकतो. विद्यार्थी, शेजारी, नातेवाईक फाईल घेऊन आपल्याकडे येतात, कारण आपण शिकलेले आहोत. मात्रेविषयी मत देणे हे आपले काम नाही. पण कागदावर एकक आहे काय, त्या दिवशीचे वजन आहे काय, कितवे चक्र ते लिहिले आहे काय, एवढे पाहून नसल्यास डॉक्टरांना विचारावयास सांगणे आपल्याला नक्कीच जमेल. प्रत्येक कागदाची छायाप्रत काढून घरी ठेवण्याचा सल्लाही देता येईल.

सहकाऱ्याच्या वडिलांच्या बाबतीत खुलासा आला तो ‘एकूण ६० मिलिग्रॅम’ असा. पुढील उपचार सुरळीत पार पडला. हुकलेल्या आठवड्याचा परिणाम काय झाला असेल हे एका रुग्णावरून सांगता येत नाही. एवढे मात्र निश्चित की, तो आठवडा रोगाने हुकविला नव्हता, औषधाच्या तुटवड्याने नव्हता, पैशाअभावीही नव्हता. ‘एकूण मिलिग्रॅम’ हे दोन शब्द लिहावयाचे राहिले होते.